लाडकी बहीणचा जीआर संशोधकासारखा वाचूया: अडीच लाखांची रेषा नक्की आहे कुठे?



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांमध्ये सध्या एक विषय फार चालतो: मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. विषय उत्तमच आहे. ताजा आहे, आकाराने मोठा आहे आणि आपल्या घरादारात घडतो आहे. पण सिनॉप्सिस उघडला की पहिला उद्देश ठरलेला: 'योजनेचा महिलांच्या सक्षमीकरणावर झालेला परिणाम अभ्यासणे.' मग शंभर महिलांचा नमुना, प्रश्नावली आणि शेवटी टक्केवारीचे गोल तक्ते. ज्या कागदावर ही अख्खी योजना उभी आहे, तो शासन निर्णय मात्र संदर्भसूचीत एका ओळीपुरता येतो. वाचला कोणी, हा प्रश्नच नको.

म्हणून आज आपण तो जीआर वाचणार आहोत. योजना चांगली की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. समीक्षा म्हणजे कागद जे म्हणतो ते त्याच्याच शब्दांवर घासून बघणं, एवढाच अर्थ इथे धरूया. उदाहरणं मुंबई उपनगरातली घेते, कारण या जीआरचे सांधे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमध्ये जास्त स्पष्ट दिसतात.

आधी शब्द नीट करून घेऊ

अनेक जण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये या योजनेची तुलना अमेरिकेच्या 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट'शी, म्हणजे ईआयटीसीशी करतात. तुलना करायला हरकत नाही, पण आधी फरक समजून घ्या.

ईआयटीसी १९७५ मध्ये सुरू झाली. ती आयकर विवरणपत्रातून मिळते आणि तिचं वैशिष्ट्य असं की कर शून्य झाल्यावरही उरलेली रक्कम सरकार हातात देतं. आपल्याकडे आयकरात कलम ८७-ए ची सवलत २०१३ च्या अर्थसंकल्पात आली. ती कर शून्यावर आणते आणि तिथेच थांबते. ज्याला मुळात करच नाही, त्याला तिच्यातून दमडीही मिळत नाही. घाटकोपरच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या घरकामगार बाईला ८७-ए चा उपयोग शून्य. तिच्यापर्यंत पैसा पोचवायचा तर दुसरी वाट हवी, आणि ती वाट म्हणजे डीबीटी: आधारशी जोडलेल्या तिच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. ईआयटीसी मिळकतीशी बांधलेली आहे. काहीच कमावलं नाही तर काहीच मिळत नाही. दोन मुलं असलेल्या कुटुंबाला सुरुवातीला दर शंभर डॉलर कमाईमागे चाळीस डॉलर मिळतात, मग रक्कम स्थिर राहते आणि पुढे उत्पन्न वाढेल तशी हळूहळू उतरते. म्हणजे आलेख चढ, पठार आणि उतार असा. लाडकी बहीणचा आलेख एकदम सपाट आहे आणि शेवटी थेट कडा. हा आलेख वहीत काढून ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या पानावरचा प्रश्न आणि शेवटच्या पानावरचं उत्तर

जीआर २८ जून २०२४ चा, महिला व बाल विकास विभागाचा. प्रस्तावनेत दोन कारणं दिली आहेत. एक, राज्यातल्या महिलांमधलं ॲनिमियाचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त आहे. दोन, श्रमबल पाहणीनुसार पुरुषांची रोजगाराची टक्केवारी ५९.१० आणि स्त्रियांची २८.७०. म्हणजे बघा, समस्या काय मांडली? बायका कामावर कमी आहेत ही.

आणि उपाय काय दिला? ज्याचा कामाशी काहीही संबंध नाही असा मासिक लाभ. आता इथे घाई करू नका. 'म्हणजे योजना चुकीची' असं लगेच लिहू नका. बिनशर्त पैसा देण्याची स्वतःची मजबूत कारणं आहेत. मुद्दा एवढाच की प्रस्तावना एक प्रश्न विचारते आणि योजना दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही हेच केलंत तर व्हायवाला तुम्हाला सोडणार नाहीत. जीआरलाही तीच कसोटी लावा.

शिवाय एक गाठ आहे. अट 'कुटुंबाचं' वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, अशी आहे. नंतरच्या स्पष्टीकरणानुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. याचा अर्थ बाईची स्वतःची कमाईही त्या अडीच लाखांत मोजली जाणार.

हिशोब करून बघू. समजा घाटकोपरमध्ये नवऱ्याला महिना १८,००० मिळतात, वर्षाचे २,१६,०००. बाई घरी आहे, तिला वर्षाला १८,००० चा लाभ मिळतो. आता तिने महिना ४,००० रुपयांचं काम धरलं, वर्षाचे ४८,०००. कुटुंबाचं उत्पन्न झालं २,६४,०००. रेषा ओलांडली, लाभ बंद. ४८,००० कमावून घरात वाढले ३०,०००. प्रत्येक रुपयातले साडेसदतीस पैसे गेले. आयकराचा सर्वात वरचा स्लॅब ३० टक्क्यांचा आहे, हे लक्षात घ्या.

'पण असं प्रत्यक्षात होत नाही हो, तिची कमाई विचारतं कोण?' असं तुमच्या मनात आलं असेल. अगदी बरोबर. चार घरची धुणीभांडी रोखीत केली तर कुठेच नोंद नाही. पण त्याच बाईला एखाद्या कंपनीत हाऊसकीपिंगची पगारपत्रक आणि पीएफवाली नोकरी लागली, तर कमाई दिसते. म्हणजे नियम जसाच्या तसा लावला तर शिक्षा कमाईला होत नाही, नोंद होण्याला होते. 'लाडकी बहीण आणि श्रमसहभाग' असा विषय घेणाऱ्यांनी हा धागा सोडू नये. 'ती काम करते का' एवढंच विचारू नका. 'कोणतं काम, आणि पैसे कसे मिळतात' हेही विचारा.

ईआयटीसीच्या संशोधनातही नेमकं असंच वळण आहे. आयसा आणि लीबमन यांनी १९९६ च्या लेखात दाखवलं की १९८६ च्या करसुधारणेनंतर मुलं असलेल्या एकट्या आयांचा कामातला सहभाग वाढला. पुढे आयसा आणि हॉइन्स यांनी २००४ मध्ये विवाहित जोडपी बघितली, तर बायकांचा सहभाग थोडा घटलेला निघाला, कारण दोघांचं उत्पन्न एकत्र मोजलं की दुसरी कमाई उतारावर पडते. योजना तीच, परिणाम उलटे. आणि नंतर हेन्रिक क्लेवेन यांनी पहिल्या प्रकारच्या निष्कर्षांवरच शंका घेतली: त्याच काळात कल्याणकारी योजनांचे नियम बदलले होते आणि अर्थव्यवस्थाही तेजीत होती, मग श्रेय नक्की कोणाला? हा तिहेरी वाद तुम्ही रिव्ह्यूमध्ये नीट मांडलात तरी तुमचं काम इतरांपेक्षा वेगळं दिसेल.

अडीच लाख मोजतं कोण?

आता मुख्य मुद्दा. मूळ जीआरमध्ये सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला होता. उपनगरात तो तहसीलदाराकडून मिळतो: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके, त्यातल्या कुर्ल्यात घाटकोपर आणि मुलुंड येतात. सेतू केंद्रांवर झुंबड उडाली. मग ३ जुलै २०२४ च्या दुरुस्तीत सूट आली: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको. त्याच दुरुस्तीत वय ६० वरून ६५ झालं आणि पाच एकर जमिनीची अट गेली.

सूट लोकांच्या सोयीची होती, यात वाद नाही. पण संशोधक म्हणून विचारा: केशरी कार्ड काय सांगतं?

महाराष्ट्रात तिरंगी रेशनकार्ड १ मे १९९९ पासून आहेत. पिवळं १५,००० पर्यंत वार्षिक उत्पन्नाला, केशरी त्यापुढे १ लाखापर्यंत, पांढरं १ लाखावर. म्हणजे कार्डाची रेषा १ लाखावर आणि योजनेची अडीच लाखांवर. पुढे तीन घरं कल्पून बघा.

पहिलं घर बोरिवलीचं. कार्ड वीस वर्षांपूर्वीचं, केशरी. आज मुलगा कमावता आहे, उत्पन्न चार लाख, पण कार्ड बदललेलं नाही. दाखला मागितलाच जात नाही. घर आत.

दुसरं घर अंधेरीचं. उत्पन्न दीड लाख. नियमाप्रमाणे पांढरं कार्ड. योजनेला पात्र आहे, पण दाखल्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत राहिली तर आत, नाही तर बाहेर.

तिसरं घर मुलुंडचं. गावाकडे सासऱ्यांच्या कार्डावर नाव, इथे भाड्याच्या खोलीत राहणं. उत्पन्न सगळ्यात कमी, आणि कागदांची अडचण सगळ्यात जास्त.

जीआरमध्ये लिहिलेली रेषा उत्पन्नाची आहे. पण चालते ती कागदाची रेषा. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न हे चल मोजलंच गेलेलं नाही, त्याच्या जागी जुना, दुसऱ्याच कामासाठी केलेला निर्देशक बसवला आहे. 'पात्र' आणि 'अपात्र' अशा दोन गटांची तुलना करून जर तुम्ही 'गरीब आणि कमी गरीब' यांच्याबद्दल निष्कर्ष काढलात, तर ती चूक जीआरची राहत नाही, तुमची होते.

आणि रेषा काही एकच नाही. त्याच वस्तीत श्रावणबाळ योजनेची रेषा २१,००० वर आहे, अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबाची शहरी रेषा ५९,००० वर, केशरी कार्डाची १ लाखावर, लाडकी बहीणची अडीच लाखांवर, आणि नव्या करप्रणालीत शून्य कराची १२ लाखांवर. शिवाय ही अडीच लाखांची रेषा गडचिरोली आणि अंधेरीला सारखीच. अडीच लाख म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. त्यातून उपनगरातलं खोलीभाडं वजा केल्यावर काय उरतं ते तुमच्या नमुन्यातल्या घरांना विचारा. भाडं न विचारता मुंबईत उत्पन्नाचा अभ्यास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रॅक्टर चालतो, टॅक्सी नाही

अपात्रतेच्या यादीत चारचाकी वाहन आहे, आणि कंसात 'ट्रॅक्टर वगळून'. तर्क कळतो: ट्रॅक्टर हे पोटापाण्याचं साधन. मग स्वतःच्या नावावरची कर्जाची टॅक्सी? भाजीचा टेम्पो? ती साधनं नाहीत? गंमत म्हणजे केशरी कार्डाच्या जुन्या नियमातही चारचाकीची अट आहे, आणि तिथे वगळली आहे ती टॅक्सी. म्हणजे टॅक्सीवाल्याचं घर केशरी कार्डाला पात्र, त्या कार्डामुळे दाखल्यातून सुटका, आणि पुढच्याच कलमात त्याच टॅक्सीमुळे अपात्र. शेजारच्या रिक्षावाल्याचं घर मात्र आत, कारण रिक्षाला तीन चाकं.

जीआर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी कुटुंब होतं हे त्या एका कंसावरून कळतं. कागद वाचताना असे अपवाद शोधा. नियम कोणाला समोर ठेवून लिहिला, हे अपवादातून सगळ्यात चांगलं दिसतं.

'आयकरदाता' हा शब्दही असाच तपासा. मुलगा कर्जासाठी विवरणपत्र भरतो, पण ८७-ए मुळे कर शून्य. तो आयकरदाता का? विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रश्नावलीत त्यांना दोन वेगळे प्रश्न द्या.

कडा कोणासाठी गुळगुळीत केली?

आता तो वहीतला आलेख काढा. अडीच लाख उत्पन्न असलेल्या घराकडे लाभ धरून २,६८,००० येतात. २,५५,००० कमावणाऱ्या घराकडे २,५५,००० च. पाच हजार जास्त कमावणारं घर तेरा हजारांनी मागे.

हीच अडचण वर १२ लाखांवर येते. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. मग १२,१०,००० कमावणाऱ्याला स्लॅबप्रमाणे एकदम ६१,५०० कर यायला हवा. पण तिथे कायद्याने 'मार्जिनल रिलीफ' दिला आहे: १२ लाखांवर जितकं जास्त कमावलं त्याहून जास्त कर नाही. म्हणून उपकर सोडून त्याचा कर १०,००० वर थांबतो. कडा घासून उतार केला.

अडीच लाखांच्या कडेवर असा उतार नाही. अशक्य आहे म्हणून? याच योजनेत एक तरतूद आहे: दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० पेक्षा कमी मिळत असतील तर फरकाची रक्कम द्यायची. म्हणूनच शेतकरी सन्मान योजनांचे महिना १००० मिळणाऱ्या महिलांना इथून ५०० मिळतात. वजाबाकी यंत्रणेला येते. ती दुसऱ्या लाभाशी केली जाते, उत्पन्नाशी नाही.

बचावाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. उताराला दरवर्षी नेमकं उत्पन्न कळावं लागतं. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट कमाईच्या दर पौंडामागे ५५ पेन्सने उतरतं, कारण मालकाकडून पगाराची माहिती थेट सरकारकडे जाते. आपल्याकडे नाका कामगाराच्या कमाईची माहिती कोण देणार? आणि उत्पन्न स्वतःच सांगायचं असलं की काय होतं, ते इमॅन्युएल साएझ यांच्या २०१० च्या लेखात बघा. ईआयटीसी जिथे सर्वाधिक होते त्या बिंदूवर स्वयंरोजगार करणाऱ्यांची गर्दी दिसते, पगारदारांची नाही. म्हणजे उत्पन्न मोजता येत नसेल तर सपाट रक्कम हाच शहाणपणाचा पर्याय असू शकतो. पण मग 'अडीच लाख' हा आकडा कशाला, हा प्रश्न उरतोच.

अपात्र मोजले. राहून गेलेल्या कोणी मोजल्या?

जुलै ते ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणेचा सगळा जोर नावं आत घेण्यावर होता. अंगणवाडी सेविकांना पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. २०२५ मध्ये वारा फिरला. वाहन नोंदींशी नावं जुळवणं, दुहेरी लाभ शोधणं सुरू झालं. जुलै २०२५ मध्ये महिला व बाल विकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळले, जूनपासून त्यांचा लाभ स्थगित केला आणि सुमारे २ कोटी २५ लाख महिलांना जूनचा हप्ता दिला.

हा आकडा पुष्कळ जण थेट उचलतात. थांबा. योजनेच्या निवडीत दोन प्रकारच्या चुका असतात: नको ते आत येणं, आणि हवे ते बाहेर राहणं. २६ लाख ३४ हजार हा पहिल्या चुकीचा आकडा आहे, तोही सरकारच्या पडताळणीनुसार. दुसऱ्या चुकीचा आकडा या यादीतून निघूच शकत नाही, कारण जिने अर्जच केला नाही ती यादीत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि त्यात बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला. मूळ जीआरमध्ये 'परित्यक्ता' हा शब्द पात्र महिलांच्या यादीत आहे. टाकून दिलेल्या बाईने नवऱ्याचा आधार आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी कुठून आणायचा? विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. जीआरच्या पहिल्या पानाने जिला नाव घेऊन बोलावलं, तिलाच पुढच्या पायरीवर दार अडलं. तुमच्या अभ्यासात एकाच बाईला जागा असेल, तर ती हिला द्या.

मग प्रश्न कसा विचारायचा?

काही सरळ सूचना देते.

एक: अडीच लाखांची रेषा घेऊन रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी करू नका. रेषेच्या दोन्ही बाजूंची घरं सारखी असावीत आणि ज्यावर रेषा ओढली ते चल कोणाला हवं तसं फिरवता येऊ नये, ही त्या पद्धतीची अट. इथे ते चल मोजलेलंच नाही.

दोन: वयाची रेषा बरी, पण ६५ ची नको. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ लाच सुरू होते, तीही १५०० ची. एक लाभ संपतो तिथे दुसरा लागू शकतो, मग परिणाम कशाचा? २१ ची रेषा जास्त स्वच्छ आहे. फक्त कुटुंबातल्या एकाच अविवाहित मुलीला लाभ, ही अट विसरू नका.

तीन: शेजारचं राज्य 'योजना नसलेलं' म्हणून घेण्याआधी तपासा. गोव्यात गृह आधार २०१२ पासून आहे, मध्य प्रदेशात लाडली बहना आणि कर्नाटकात गृहलक्ष्मी २०२३ पासून.

चार: नमुना लाभार्थी यादीतून घेऊ नका, वस्तीतून घ्या. गल्लीतली सगळी घरं मोजा. ज्यांना मिळत नाही त्यांना आधी विचारा: अर्ज केला होता का, कोणत्या कागदावर अडलं, पुन्हा गेलात का. हे काम प्रश्नावली भरण्यापेक्षा जड आहे. तुमच्या प्रबंधाला मोल येईल ते त्यामुळेच.

पाच: 'सक्षमीकरण' हा शब्द महिनाभर वापरू नका. त्याऐवजी लिहा: पैसे खात्यातून कोणी काढले, कशावर गेले, बंद झाले तेव्हा कोणता खर्च थांबला.

या आठवड्याचा गृहपाठ: जीआरची प्रत उतरवून घ्या, २८ जूनची आणि ३ जुलैची शेजारी शेजारी ठेवा आणि पाच दिवसांत बदललेली प्रत्येक अट वहीत लिहा. प्रत्येक अटीपुढे तिच्यासाठी लागणारा कागद लिहा, आणि त्यापुढे तो कागद कोणत्या बाईकडे नसेल ते. तिसरा रकाना भरून झाला की तुमचा संशोधन प्रश्न त्यातच कुठेतरी सापडेल. मग मार्गदर्शकांकडे जा.